मायसनची जुनी मूर्ती कशी पारखावी आणि तिचे मोल कसे ठरवावे

युरोपात चिनी धर्तीचे कठीण पोर्सिलीन (चिनी मातीचे भांडे वा मूर्ती) कारखान्यात प्रथम जर्मनीतील मायसन येथे बनू लागले. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने १७१० साली तिथे कारखाना काढला, आणि पुढे युरोपभर तिथल्या वस्तूंच्या नकला झाल्या. म्हणूनच बुडाशी कारखान्याची खूण, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी, दिसताच वस्तू मायसनची मानण्याची घाई अंगाशी येते. माझ्या मते ती खूण सर्वांत शेवटी पाहावी.

प्रथम टेबलावर जाड टॉवेल अंथरावा, बोटांतल्या अंगठ्या काढून ठेवाव्यात आणि मूर्ती डोके किंवा हात न धरता बैठकीला धरून उचलावी. जवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवावे.

मग माती पाहावी. कठीण पोर्सिलीन सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजलेले असल्यामुळे टवका उडालेल्या जागी ते काचेसारखे घट्ट आणि गुळगुळीत दिसते. फ्रान्समधील सेव्र येथे १८व्या शतकात होत असलेले मऊ पोर्सिलीन तशाच जागी साखरेसारखे दाणेदार दिसते. वस्तूतून विजेरीचा उजेड आरपार दिसला, तर ती साधी मातीची नाही एवढेच कळते.

यानंतर घडण आणि रंगकाम. मूर्तिकार योहान योआखिम केंडलर १७३१ मध्ये मायसनला आला आणि त्याने घडवलेल्या मूर्तींत शरीराची वळणे, कपड्याच्या चुण्या आणि बोटे यांत जिवंतपणा आला. नकलेत चेहरा बहुधा गोड पण निर्जीव असतो. यापेक्षा भक्कम कसोटी फूटपट्टीची आहे. भट्टीत माती साधारण सहाव्या हिश्श्याने आकसते, त्यामुळे अस्सल मूर्तीवरून साचा घेऊन केलेली प्रत मूळ मूर्तीपेक्षा बुटकी निघते. त्याच नमुन्याची संग्रहालयांच्या सूचीत दिलेली उंची पडताळून पाहिली, तर हा फरक लगेच ध्यानात येतो. रंगकामावर भिंग धरावे: कुंचल्याचे फटकारे दिसावेत, छपाईचे ठिपके नव्हे.

आता तलवारी. १७२२ च्या सुमारास ही खूण वापरात आली. ती कोबाल्टच्या निळ्या रंगाने झिलईखाली काढलेली असते, म्हणून नखाला लागत नाही. मुठींमध्ये ठिपका असेल तर काळ साधारण १७६३ ते १७७४, तारा असेल तर १७७४ ते १८१४ असा धरला जातो. पात्यांच्या टोकांमध्ये ठिपका १९२४ ते १९३४ दरम्यानचा. तलवारींवर आडवा ओरखडा असेल, तर कारखान्याने वस्तू दुय्यम ठरवलेली असू शकते किंवा ती रंग न देता विकलेली असते. मग रंगकाम बाहेरचे निघण्याची शक्यता असते. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने तलवारींशी मिळतीजुळती खूण वापरली, तर ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फझोनने ऑगस्टसच्या नावाची आद्याक्षरे गुंफलेली मुद्राच उचलली आणि तो वाद न्यायालयात गेला. ‘जर्मनी’ असा शब्द छापलेला दिसल्यास वस्तू बहुधा १८९१ नंतरची असते. अमेरिकेच्या आयात कायद्याने तेव्हापासून देशाचे नाव सक्तीचे केले.

किमतीचा खरा निकाल दोषांवर लागतो. बोटे, लेस, फुलांच्या पाकळ्या एकेक तपासाव्यात. बैठकीवर नखाने हळूच टिचकी मारली असता आवाज बद्द आला, तर केसासारखा तडा असण्याची शंका घ्यावी. अतिनील दिव्याखाली नवे रंग व डिंक वेगळे चमकतात. भट्टीतच पडलेली चीर मात्र तितकीशी वाईट नाही; नंतरची दुरुस्ती अधिक भाव पाडते.

भाव काढताना दुकानदाराने मागितलेली किंमत बाजूला ठेवून, त्याच नमुन्याची, त्याच काळाची मूर्ती लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहावे, आणि न विकल्या गेलेल्या नगांचीही नोंद घ्यावी. खरेदीदाराला बोलीवर बहुधा पाव हिश्श्याच्या आसपास शुल्क द्यावे लागते. विकणाऱ्याच्या हाती पडते ते कमीच. विम्यासाठीची किंमत याहून बरीच वर असते. मालकीचा इतिहासही भाव चढवतो: २०२१ साली न्यूयॉर्कमध्ये सदबीज या लिलावगृहाने ओपनहाइमर दांपत्याच्या संग्रहातील मायसन विकले, तेव्हा एकूण सुमारे दीड कोटी डॉलर आले, अंदाजाच्या कित्येक पट.

असे आकडे मुंबईतल्या घरातील मूर्तीला सरळ लावता येत नाहीत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळे तिचा भाव इथल्याच गिऱ्हाइकांवर ठरतो.