एलएलबी झालं, आता थेट राजकारण? आधी मावळणकर बघा

ऑफिसला ज्युनियर येतात त्यातला एक तरी विचारतोच, सर पुढे राजकारणात जायचंय, वकिलीचा उपयोग होईल का. होईल की, पण तुम्हाला वाटतंय तिथे नाही. भाषण ठोकणारे पैशाला पासरी मिळतात, सभागृहात वजन असतं ते नियम वाचून आलेल्याला.

लोकसभेचे पहिले स्पीकर दादासाहेब मावळणकर, त्यांचंच बघा. घराणं रत्नागिरीकडचं, जन्म बडोद्याचा, 1912 ला मुंबईत लॉ फर्स्ट क्लासमध्ये आणि पुढच्या वर्षी अहमदाबादला प्रॅक्टिस सुरू. ते काय उठून डायरेक्ट दिल्लीला नाही गेले, 1919 ला अहमदाबाद म्युनिसिपालिटीत शिरले, नंतर तिथलेच अध्यक्ष, मधे जेलच्या वाऱ्या, 1937 ला मुंबई असेंब्लीचे स्पीकर, 1946 ला दिल्लीत सेंट्रल असेंब्लीचे (इंग्रजांच्या काळातलं केंद्रीय कायदेमंडळ) अध्यक्ष (ते पण जेमतेम 3 मतांनी निवडून) आणि मग 1952 ला पहिल्या लोकसभेचे स्पीकर. गटार-पाणी-घरपट्टीपासून तिथपर्यंत 33 वर्षं! आणि एवढं होऊनही 1954 ला विरोधकांनी त्यांना हटवायचा ठराव आणलाच, फेटाळला गेला ती गोष्ट वेगळी.

मी नगरपालिकेच्या मॅटर्स करतो म्हणून सांगतो, हे अजूनही तसंच चालतं. एका सर्वसाधारण सभेत गाळ्यांच्या भाडेपट्टीचा विषय हळूच 'ऐनवेळचे विषय' मधे (म्हणजे विषयपत्रिकेत आधी नसलेले) घुसवला होता, सगळे आरडाओरडा करत होते, आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक ताई 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचं पुस्तक घेऊन उभ्या राहिल्या, कलम वाचलं, विषयपत्रिका दाखवली आणि म्हणाल्या माझा विरोध इतिवृत्तात नावासकट लिहा. अध्यक्ष मुख्याधिकाऱ्यांकडे बघायला लागले, विषय गेला पुढच्या सभेवर. आवाज चढवावा पण लागला नाही.

तर सनद म्हणजे वकिलीचा परवाना घ्या, ऑल इंडिया बार एक्झाम काढा, निदान तीन-चार वर्षं खालच्या कोर्टात घासा. ड्राफ्टिंग आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणं तिथेच अंगात मुरतं. दिवसभर पार्टी ऑफिसात चहा पीत बसू नका. पंचविशीच्या आत असाल तर पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप बघा, खासदारासोबत बसून संसदेचं काम जवळून कळतं. नगरसेवकाला वय 21 लागतं, विधानसभा-लोकसभेला 25, राज्यसभेला 30, त्यामुळे गडबड कशाला.

पोटापाण्याचं म्हणाल तर आमदार-खासदार झालात तरी वकिली सोडावी लागत नाही, 2018 ला सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिलाय. पडलात तर कोर्ट आहेच.