हिवाळ्यातली दुपार आणि घरात दोन लहानगी: या चुका टाळा

डिसेंबर लागला की माझ्या पाळणाघरातल्या मुलांच्या आयांचा ठरलेला प्रश्न येतो. "काकू, सुट्टीच्या दिवशी दुपारी या दोघांना खेळवायचं तरी काय?" दोघं म्हणजे बहुतेक वेळा आठ-नऊ महिन्यांचं रांगतं बाळ आणि त्याच्या वरचं दोन-अडीच वर्षांचं. विचारताना हातात मोबाइल असतो आणि त्यात मागवायच्या खेळण्यांची यादी उघडलेली असते. मी म्हणते, यादी मिट, आणि काल दोन ते सहा तुम्ही काय केलंत ते सांग. ती सांगते. त्यात खेळण्यांची कमतरता कधीच नसते. चुका मात्र दरवर्षी त्याच.

ऊन वाया घालवणं

आमच्या नाशकात हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. निफाडच्या कडाक्याच्या बातम्या तर दरवर्षी पेपरात असतात. पण त्याच दिवशी दुपारी दोनला बाहेर २७-२८ अंश असतात, हे कुणी लक्षातच घेत नाही. सकाळची हुडहुडी मनात धरून माणसं दुपारीही खिडक्या लावून, पडदे ओढून बसतात. स्लॅबचं घर रात्रभर गार झालेलं असतं आणि फरशी दुपारीही पायाला गार लागते. म्हणजे दिवसातली सगळ्यात उबदार वेळ सर्वांत गार जागी काढायची, पोरं किरकिरायला लागली की कार्टून लावायचं, आणि साडेपाचला, ऊन उतरलं, डास निघाले की म्हणायचं, "चला, बागेत जाऊ या." सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. बागेत पोचेपर्यंत परत फिरायची वेळ झालेली असते.

मी दोन ते चार ही वेळ उन्हासाठी राखून ठेवते. गच्ची असेल तर गच्ची, नाहीतर गॅलरी, तीही नसेल तर दक्षिणेची खिडकी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरका जातो, म्हणून उन्हाळ्यात ज्या खिडकीतून ऊन आत डोकावतही नाही त्याच खिडकीतून आता ते पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. तिथे सतरंजी, तिच्यावर गोधडी टाकायची आणि ऊन सरकेल तशी सतरंजी सरकवायची. सरकवण्याचं काम मोठ्याला द्यायचं. त्याला ते काम फार महत्त्वाचं वाटतं, आणि खरं तर असतंच. (खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, ते काचेतच अडतं. ऊब मात्र मिळते. तेव्हा काच उघडता आली तर उघडा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला थेट उन्हात न ठेवता शेजारी ठेवा.)

आणि एक स्टीलची ताटली घ्या. उन्हात धरली की भिंतीवर कवडसा पडतो. मोठं त्याच्यामागे धावतं, बाळ मान वळवून वळवून बघतं. डोळ्यांवर पाडायचा नाही, एवढंच पाळायचं. बाजारातल्या महागड्या दिव्याच्या खेळण्याने कुणाला इतकं पळवल्याचं मी पाहिलेलं नाही.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे बाळाला गुंडाळणं. एका हिवाळ्यात एक मुलगी यायची. आतून बनियन, वर झबलं, स्वेटर, त्यावर हुडी, दोन पायजमे, मोजे आणि टोपरं. फुगलेल्या उशीसारखी बसवलेल्या जागी बसून राहायची. आईची तक्रार अशी, की ही खेळतच नाही, हिला कशात रस नाही. अगं, तिला कोपर वाकवता येत नव्हतं! उन्हात आणून वरचे दोन थर आणि मोजे काढले, तर संध्याकाळपर्यंत पालथी पडून गोल गोल फिरायला लागली. गुळगुळीत फरशीवर मोजे घातलेलं बाळ रांगायला गेलं की पाय मागे सटकतात, आणि दोन-तीनदा आपटलं की ते नाद सोडतं. बाळाचे हात-पाय तसेही गारच लागतात, त्यावरून थंडी ठरवू नका. मानेमागे बोटं घालून बघा. तिथे कोमट असेल तर बाळ ठीक आहे, घाम असेल तर एक थर काढा.

रीलमधला टब

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हल्ली प्रत्येक आई-बापाच्या मोबाइलवर एक रील येतं. मोठा टब, त्यात राजमा, मूग, रंगवलेले तांदूळ, आणि एक शहाणं मूल त्यात शांतपणे वाट्या भरतंय. खाली लिहिलेलं, की एवढ्यावर मूल तासभर रमतं. रीलमधल्या घरात रांगतं बाळ नसतं, आणि तांदूळ सोफ्याखालून कोण काढतं तेही कुणी दाखवत नाही.

एका वर्षी नाताळच्या आठवड्यात एका बाबांना सुट्टी होती आणि आईला नव्हती. मोठा अडीच वर्षांचा, धाकटी रांगणारी. बाबांनी असा टब मांडला. मोठा रमला. बाबांनी फोटो काढून स्टेटसला टाकला आणि लॅपटॉप उघडला. दहाएक मिनिटांत धाकटी रांगत टबापाशी पोचली आणि मूठभर मूग तोंडात. बाबा धावले, तिच्या तोंडात बोट घालून सगळं काढलं, टब उचलून माळ्यावर टाकला. थोडक्यात वाचलो म्हणून घरात सगळे हुश्श. मोठ्याकडे कुणी बघितलं नाही.

सुट्टी संपून मुलं माझ्याकडे आली तेव्हा मोठ्याचं नाक वाहत होतं. आई म्हणाली, "थंडी आहे ना काकू, सर्दी झालीये." हिवाळ्यात पाळणाघरात कुणाचं नाक वाहत नाही? पण पुसायला गेले तर एकाच नाकपुडीतून येत होतं, आणि वास घाणेरडा. सर्दी दोन्ही नाकपुड्यांची असते. एकाच बाजूने वास मारणारा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकलेलं असण्याची दाट शक्यता असते. मी त्यांना तडक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. राजमा निघाला, भिजून टम्म फुगलेला. मुलाने नाकात कधी घातला ते शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही.

कडधान्य नाकात किंवा कानात गेलं की ओलाव्याने फुगतं. म्हणून घरी चिमटा, काडी, पाणी, तेल यातलं काहीही करायचं नाही. चिमट्याने दाणा आणखी आत जातो. आणि राजमा, शेंगदाणे, चणे, मटार हे श्वासनलिकेत गेले तर डॉक्टरकडे न्यायलाही वेळ मिळेल असं नाही.

लहान मुलांच्या खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी नाही. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, त्याच्याहून थोडं मोठं भोक डोळ्यांसमोर आणा आणि मग घरातल्या वस्तूंकडे बघा. "वय ३+" असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते मुलाच्या हुशारीविषयी नसतं, त्याच्या घशाविषयी असतं. "आमचा फार हुशार आहे हो, चार वर्षांच्या मुलांचं पझलही लावतो" असं कौतुकाने सांगणाऱ्यांना मी विचारते, धाकटी कुठे बसते तेव्हा?

मग द्यायचं काय? बटाटे. चेष्टा नाही. आठ-दहा मोठे बटाटे, दोन डबे, एक टोपली. या डब्यातून त्या डब्यात, टोपलीतून सतरंजीवर, परत टोपलीत. बाळाला एक बटाटा लोळवायला. उन्हात परात मांडून कोमट पाण्यात मोठ्याने ते धुवायचे. कांदे देऊ नका, नाशिक असलं तरी! टरफलं थेट बाळाच्या तोंडात जातात. पाणी दिलंत तर तिथून हलू नका, आणि खेळ संपताक्षणी परात आणि बादली रिकामी करून पालथी घाला. रांगतं बाळ चार बोटं पाण्यातही बुडू शकतं.

दुसरं म्हणजे कणकेचा गोळा, मिठाशिवाय. खूप मीठ घालून टिकाऊ केलेलं पीठ मुलाने खाल्लं तर मिठाचा त्रास होतो. साधी कणीक खाल्ली तर फार तर पोट गच्च होईल. लाटणं, पोळपाट, एक झाकण, बास. बाळाला स्टीलचा चमचा आणि पालथं पातेलं. आवाज होईल. होऊ दे.

आणि पाच मिनिटांत मूल उठलं म्हणून खेळ उचलू नका. हा नवशिक्या आई-बापांचा उतावळेपणा मला बघवत नाही. दोन वर्षांचं मूल चार-पाच मिनिटं खेळतं, उठतं, खिडकीतून कुत्रं बघतं आणि परत येतं. ते परत येईपर्यंत तुम्ही तिसरा खेळ मांडलेला असतो. मग त्याला कशातच धड राहता येत नाही, आणि तुम्ही म्हणता हा पटकन कंटाळतो.

दोघांना एकाच सतरंजीवर बसवणं

"बहीण-भाऊ एकत्र खेळू देत" हे फोटोपुरतं ठीक. अडीच वर्षांच्या मुलाने रचलेला मनोरा आठ महिन्यांच्या बाळाला पाडायचाच असतो, त्यात बाळाचा दोष नाही. मग मोठा बाळाला ढकलतो, आणि घरचे म्हणतात, "दादा झालास ना आता तू?" तो दादा स्वतःच्या मर्जीने झालेला नाही, हे विसरू नका.

लोक कुंपणाच्या खाटेत बाळाला ठेवतात. मी उलटं करते. मोठ्याला त्याच्या ठोकळ्यांसकट कुंपणाच्या आत बसवते आणि बाळाला बाहेर मोकळं सोडते. मोठ्याला आपला किल्ला मिळतो, बाळाला अख्खी खोली. तो सहज चढून बाहेर येऊ लागला की हा उपाय संपला. मग दिवाण, आणि आपण दिवाणाला लागून बसायचं.

झोपेचंही तसंच. दोघांना एकदम झोपवायचं आणि आपण पडायचं, हा बेत मला समजतो, पाठ मोडलेली असते. पण एकदम झोपले की एकदम उठतात, भुकेले आणि रडवेले, आणि तेही पाचला. बाळ झोपलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं मोठ्याची, मोबाइल दूर ठेवून. मटार सोलणं वगैरे बारीक दाण्यांची कामं तेव्हाच, तुमच्या शेजारी बसवून, आणि कच्चा दाणा तोंडात जाणार नाही याकडे बघत. मग तो झोपेल. त्याला चारनंतर झोपू देऊ नका, नाहीतर रात्री अकराला तो ताजातवाना असतो आणि दुसऱ्या दिवशीची दुपार आधीच बिघडलेली असते.

बाकीच्या, थोडक्यात

सगळी खेळणी एकदम काढू नका. चार बाहेर, बाकी पोत्यात बांधून माळ्यावर. आठवड्याने बदला.

वॉकर नको. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली, आपल्याकडे अजून तो बारशाला भेट म्हणून येतो. माझ्याकडे आलेला वॉकर मी दाराबाहेरूनच परत पाठवते.

कार्टून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. लोक मला म्हणतात, "मोठ्यासाठी लावतो, बाळ बघत नाही." बाळाकडे वळून बघा एकदा.

रिमोट खेळायला देऊ नका, आणि छोट्या चपट्या सेलचं तर काहीच नको. तो सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. शंका आली तरी थेट दवाखाना.

खोकला आला म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कुणीही सांगितलं तरी.

बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. बाळ-बाळंतिणीचं शेकणं असलं तरी खिडकी उघडी हवी.

बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी हौस जरूर करा, पण बाळाच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, शेंगा आणि हलवा ओतून मग त्याला त्या पसाऱ्यातच बसवून फोटो काढणं बंद करा. बाळासाठी नुसते चुरमुरे घ्या, तेही थोडे. बाकीचं मोठ्या मुलांसाठी दुसऱ्या खोलीत उधळा. ओतून झालं की बाळाला लगेच उचला आणि झाडू फिरल्याशिवाय खाली ठेवू नका. हलव्याचे दागिने फोटो होताच उतरवा. त्यांचा दोरा गळ्यात असतो आणि दाणा सुटून तोंडात येतो.

साडेपाचची किरकिर

दिवेलागणीला दोघंही रडतात आणि आई-बाबा नवीन खेळ शोधायला लागतात. ती कंटाळ्याची किरकिर नसते. दुपारभर उन्हात हालचाल झालेली असते, भूक लागलेली असते, आणि आठचं जेवण अजून दूर असतं. आमच्याकडे पाचला बाळाला खिमट आणि मोठ्याला मऊ वरणभात किंवा नाचणीची पेज मिळते. दळून आणलेलं खिमटाचं पीठ डब्यात भरलेलं असावं लागतं, कारण त्या वेळी एक हात बाळात अडकलेला असतो. खिमट शिजायला दहा मिनिटं लागतात, म्हणून पातेलं मी पावणेपाचलाच गॅसवर चढवते, कुणी रडत असो वा नसो.