शेडमधले मोठे एचव्हीएलएस फॅन: मेंटेनन्स करताना या चुका टाळा

वेअरहाऊस, फॅक्टरी शेड, आता तर गोठ्यातसुद्धा २० नि २४ फुटी एचव्हीएलएस, म्हणजे हळू फिरून भरपूर हवा हलवणारे छताचे फॅन लागायला लागलेत, पण आपण त्यांच्याकडे घरातल्या पंख्यासारखंच बघतो, फिरतोय ना, मग फिरू दे. जरा हिशोब करा, २४ फुटी फॅन मिनिटाला ६० फेरे घेत असेल तर पात्याचं टोक ताशी ८० किलोमीटरच्या वर पळत असतं, आणि खाली आपलीच माणसं काम करत असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज आल्यावरच वर बघणं. आमच्या शेडमधला एक फॅन डुलायला लागला, सगळ्यांचं एकच, बॅलन्सिंग गेलंय. सिझर लिफ्ट लावून वर गेलो तर फॅन डुलू नये म्हणून ताणून बांधलेल्या चार वायरींपैकी (गाय वायर) एक ढिली, तिला ताण देणारं टर्नबकल व्हायब्रेशनने फिरत फिरत सैल झालेलं, कारण बसवताना त्याला लॉकच केलं नव्हतं. आणि अशा वेळी ढिली दिसली तीच वायर खेचून ताणायची नाही बरं का, फॅन त्या बाजूला कलतो. समोरासमोरच्या जोडीने थोडं थोडं आवळायचं आणि दर वेळी डाऊन ट्यूबला, म्हणजे फॅन टांगलेल्या उभ्या पाइपला, लेव्हल लावून बघायचं. वायर क्लॅम्पचं पण नीट बघा, यू-बोल्ट कापलेल्या टोकाकडे आणि सॅडल (क्लॅम्पचा खाचेचा भाग) लोड घेणाऱ्या वायरकडे पाहिजे, उलटे बसवलेले क्लॅम्प मी कितीतरी ठिकाणी बघितलेत आणि बघितल्यावर खरंच पोटात गोळा येतो.

गाय वायरी बरोबर असून पण डुलत असेल तर पात्याचे बोल्ट बघा, मग धूळ. धूळ सगळ्या पात्यांवर सारखी बसत नाही, एखादंच पातं पुसून सोडून दिलं तर उलट जास्त हलतो, पुसायची तर सगळी पुसा.

बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळणं ही आणखी एक सवय. टॉर्क रेंच वापरा, आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला घ्या, आणि आवळून झालं की नट ते प्लेट अशी पेंट मार्करची रेघ मारा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कुठला नट फिरलाय ते लगेच कळतं. काढलेला नायलॉक नट परत लावू नका, त्यातलं नायलॉन एकदा वापरलं की पकड कमी होते. फॅन निसटलाच तर धरून ठेवणारी सेफ्टी केबल लोंबत ठेवू नका, ढील जितकी जास्त तितका पडताना झटका मोठा.

आता ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा. फॅन बंद करताना ओव्हर व्होल्टेजचा फॉल्ट येतो, ऑपरेटर रिसेट मारतो, उद्या परत तेच, आणि शेवटी ड्राइव्ह खराब म्हणून नवीन मागवतात. बऱ्याचदा दुखणं वेगळंच असतं, एवढं जड चाक घाईने थांबवायला गेलं की मोटर जनरेटरसारखी वागते आणि ती पॉवर ड्राइव्हच्या आतल्या डीसी लाइनवर (डीसी बस) चढून व्होल्टेज वाढतं. डिसेल टाइम, म्हणजे थांबायला दिलेला वेळ, वाढवा किंवा फॅन आपला आपण थांबू द्या. आणि ड्राइव्ह नि मोटरच्या मधला आयसोलेटर स्विच चालू फॅनवर कधीच बंद करू नका. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारायचा असेल तर मोटरच्या वायरी ड्राइव्हमधून काढूनच, नाहीतर ड्राइव्ह गेलाच समजा. सप्लाय बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, ड्राइव्हवर जितकी मिनिटं लिहिलीत तितकी थांबा, मगच कव्हर उघडा, आणि वर माणूस असेल तर मेन स्विचला कुलूप आणि चावी वर चढणाऱ्याच्याच खिशात.

गिअरबॉक्सवाला फॅन असेल तर खालच्या मालावर तेलाचे डाग दिसतायत का ते बघत जा, सील गेल्याची खबर बहुतेक वेळा जमिनीवरच मिळते.

एक टेस्ट मात्र जवळजवळ सगळेच विसरतात. स्प्रिंकलर असलेल्या शेडमध्ये स्प्रिंकलरचं पाणी वाहू लागल्याचा अलार्म आला की फॅन लगेच बंद झाला पाहिजे, स्प्रिंकलरचं अमेरिकन स्टँडर्ड एनएफपीए १३ तसं सांगतं, आणि स्प्रिंकलर नि फॅनमध्ये उभं अंतर किमान ३ फूट मागतं. अलार्मवर फॅन बंद करणारा रिले लावलेला असतो, पण पॅनलच्या एखाद्या कामात कुणीतरी तिथे लूप मारून, म्हणजे वायर जोडून रिले बायपास करून ठेवतो आणि नंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही. फायर ड्रिलच्या दिवशी एक माणूस फक्त फॅनकडे बघायला उभा करा.