मार्शल आर्ट्सचा उस्ताद व्हिलन लिहिताय? या चुका टाळा

सुपरहिरो कॉमिक्सची स्क्रिप्ट लिहायला बसलेल्या नवख्या मंडळींना हा व्हिलन फार आवडतो. दैवी शक्ती नाही, लेझर नाही, रोबो नाही. नुसत्या हातापायांवर तो सुपरहिरोला घाम फोडतो. कागदावर मात्र सगळ्यात जास्त फसतो तोही हाच, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: तो किती भारी आहे हे लेखक सांगत सुटतो, पण तो काय ठरवतो हे दाखवायचं राहूनच जातं.

बायोडेटा वाचून दाखवणं

‘जगातला सर्वात घातक माणूस’ अशी पाटी पहिल्याच पॅनलमध्ये, म्हणजे चित्राच्या चौकटीत, लागते. सहाव्या पानावर तोच माणूस एका लाथेत भिंतीवर आदळलेला असतो. मग पाटीवर विश्वास कोण ठेवणार? ती पुसा आणि त्याला एखादा निर्णय घ्यायला लावा.

डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीची लेडी शिवा बघा. १९७५ च्या अखेरीस ‘रिचर्ड ड्रॅगन, कुंग-फू फायटर’च्या पाचव्या अंकात डेनिस ओनील आणि रिक एस्ट्राडा यांनी तिला आणलं. माझ्या मते तिचा सर्वात चांगला वापर झाला तो २००० साली सुरू झालेल्या ‘बॅटगर्ल’ मालिकेत. इथली बॅटगर्ल म्हणजे कॅसॅन्ड्रा केन. बापाने तिला बोलायला शिकवलंच नव्हतं. समोरच्याचा खांदा जरा हलला की ठोसा कुठून येणार हे तिला कळायचं. पुढे तिला बोललेलं समजायला लागतं आणि हे कसब मात्र निघून जातं. अशा अवस्थेत शिवाशी गाठ पडते. शिवा तिला तिथल्या तिथे संपवू शकते, पण संपवत नाही. गेलेलं कसब परत मिळवून देते आणि बदल्यात एकच मागते: एका वर्षाने लढत, एकीचा जीव जाईपर्यंत.

पंचविसाव्या अंकात ते वर्ष भरतं. पहिल्या फेरीत कॅसॅन्ड्रा पडते, तिचं काळीज थांबतं. आणि शिवाच तिला पुन्हा जिवंत करते, कारण ही पोरगी मरायलाच आली होती हे तिने ओळखलेलं असतं आणि असल्या विजयात तिला काडीचा रस नसतो. दुसऱ्या फेरीत शिवा हरते. हरूनही तिचा दबदबा कमी होत नाही, कारण लढता लढता समोरच्याच्या मनातलं वाचणारी बाई आपण पाहिलेली असते. त्यापुढे लाथांची यादी फिकी पडते.

जिंकणं फुकटात पडणं

तुमचा व्हिलन नायकाला लोळवतो आणि तरी वाचक म्हणतो, ‘हॅ, असं कसं?’ असं होत असेल तर फाइट सीनला हात लावू नका. दोष त्याआधीच्या पानांत असतो. १९९३ मध्ये बेन या व्हिलनने बॅटमॅनची पाठ मोडली. बेनकडे व्हेनम नावाचं ताकद वाढवणारं औषध होतं, तरीही तो सरळ जाऊन भिडला नाही. आधी त्याने अर्खम या वेड्यांच्या इस्पितळातले सगळे वेडे गुन्हेगार मोकळे सोडले. बॅटमॅन त्यांना एकेक करून पकडत राहिला. झोप नाही, जखमा भरायला वेळ नाही. तो पार गळून घरी परतला, तेव्हा बेन घरातच वाट बघत उभा होता. एवढी तयारी आपण वाचलेली असते, म्हणून ‘बॅटमॅन’च्या ४९७ व्या अंकातलं ते पाठ मोडणारं पान पटतं.

सगळं येणारा माणूस

मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या कंपनीचा टास्कमास्टर १९८० मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये आला. कुणाचीही हालचाल एकदा बघितली की त्याला ती जमते. असा माणूस लिहिताना गोष्ट लगेच अडते: मग हरणार कसा? इथे दोन कुंपणं आधीपासून घातलेली आहेत. माणसाच्या शरीराला जे शक्य नाही, ते त्याला उचलता येत नाही. आणि त्याला जगज्जेता व्हायचंच नाही. तो व्हिलन लोकांना पगारी गुंड तयार करून देतो. धंदा तोट्यात जातोय असं दिसलं की पळ काढतो. २०१० च्या छोट्या मालिकेत फ्रेड व्हॅन लेंटे यांनी तिसरं कुंपण घातलं: नवी कला डोक्यात शिरली की स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी बाहेर ढकलल्या जातात. तुमच्या उस्तादालाही त्याच्या विद्येची किंमत मोजायला लावा, आणि ती शेवटच्या पानावर नव्हे, आधीच वाचकाच्या कानावर घाला.

निन्जांची जत्रा

पन्नास निन्जा आले की वाचकाला कळतं, आता पन्नास जण पडणार. फ्रँक मिलर यांच्या ‘डेअरडेव्हिल’मध्येही ‘द हँड’ या टोळीचे निन्जा ढिगाने पडतात, पण लक्षात राहते ती एप्रिल १९८२ च्या १८१ व्या अंकातली लढत. मारेकरी बुल्सआय आणि निन्जा इलेक्ट्रा, दोघंच. आधी त्याने पत्त्याच्या पानाने तिच्या गळ्यावर केलेला वार, मग तिचंच साय हे शस्त्र तिच्या पोटात.

लांब मिशा, लांब नखं, गूढ पूर्व

ही चूक नुसती जुनाट नाही, महागातही पडते. डिसेंबर १९७३ मध्ये आलेल्या शांग-ची या कुंग-फू नायकाचा बाप म्हणून मार्व्हलने कादंबरीकार सॅक्स रोमर यांचा फू मान्चू भाड्याने घेतला. पात्र मुळातच चिनी माणसांबद्दलच्या भीतीवर पोसलेलं. पुढे हक्क संपले आणि जुने अंक पुन्हा छापणंच कितीतरी वर्षं अडलं. बापाला झेंग झू असं नवं नाव द्यावं लागलं. मिशांची गरज मुळात नसतेच. १९६६ मधला मार्व्हलचा व्हिलन बॅट्रॉक फ्रेंच आहे आणि ‘सव्हात’ पद्धतीने लढतो, म्हणजे बूट घालून लाथा मारण्याची फ्रेंच पद्धत.

मराठीत लिहिणाऱ्यांना कोल्हापूरचे मर्दानी खेळ हाताशी आहेत, तरी कटाना ही जपानी तलवारच का आठवते कोण जाणे. दांडपट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत असते, त्यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. हा माणूस साधा दारातून आत आला तरी वेगळा दिसेल, आणि त्याला मात द्यायची जागाही आपोआप सापडते: अरुंद बोळ.

कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही

चित्र सुंदर, रेघा जोरदार, ‘धाड’ मोठ्या अक्षरात, आणि पाय कुणाचा हे कळत नाही. पानावरचे संवाद झाका आणि कॉमिक्स न वाचणाऱ्या कुणालाही विचारा, कुणी कुणाला कशाने मारलं? तो अडखळला तर तीन गोष्टी तपासा. उजवीकडचा माणूस पुढच्या पॅनलमध्ये कारण नसताना डावीकडे गेलाय का? लाथ दिसतेय, पण दुसरा पाय जमिनीवर टेकलेला दिसतोय का? आणि फटका बसायच्या आधीचा क्षण काढलाय का? अनुभवी चित्रकार बरेचदा तोच क्षण निवडतात, कारण उरलेलं वाचकाचा डोळा पूर्ण करतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘द इम्मॉर्टल आयर्न फिस्ट’मध्ये डेव्हिड आहा यांनी फटका नेमका कुठे बसला ती जागा छोट्या गोलात मोठी करून दाखवलीय. ते गोल कॉपी मारू नका, ते कुठे ठेवलेत ते बघा.

शेवट चुकणं

व्हिलन दरीत पडतो, ‘मी परत येईन!’ म्हणतो, झालं. त्याच्या हट्टातूनच त्याची हार यायला हवी. आयर्न फिस्टचा वैरी डॅव्हॉस हा कुनलुन या काल्पनिक नगरीतल्या गुरूचा मुलगा. आयर्न फिस्टची शक्ती आपल्याला मिळायला हवी होती ही जळजळ त्याने वर्षानुवर्षं जपली. १९७७ मध्ये ‘मार्व्हल टीम-अप’च्या ६३ आणि ६४ व्या अंकांत त्याने ती अखेर हिसकावून घेतली, आणि तीच त्याला आतून जाळून गेली.