शाई वाळून बसलेला इंकजेट प्रिंटर घरच्या घरी कसा सुरू करायचा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी म्हणून बऱ्याच घरांत प्रिंटर आले आणि शाळा परत भरायला लागल्यावर ते कपाटावर जाऊन बसले, आमच्या वहिनींचाही तसाच. दीड वर्षाने अ‍ॅडमिशनचे फॉर्म काढायला खाली उतरवला तर कागद कोराच बाहेर आला, फक्त एक पुसट पिवळी रेघ. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटं बघून हेड गेलंय म्हणून सांगितलं, आणि जो खर्च सांगितला त्यात थोडी भर घातली असती तर नवाच आला असता. तो प्रिंटर आजही चालतोय, खर्च झाला तो एका बाटली पाण्याचा आणि चार दिवसांच्या धीराचा. चांगलं मशीन असं भंगारात जाताना बघवत नाही, म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी झालंय काय ते समजून घ्या. शाई जिथून कागदावर पडते त्या हेडला केसापेक्षा बारीक भोकं असतात, त्यांना नोझल म्हणतात, आणि प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला की त्या भोकांच्या तोंडाशी शाईतलं पाणी उडून जातं आणि रंगाचा चिकटा राहतो. करपलेल्या पातेल्याला आपण लगेच घासायला घेत नाही, पाणी घालून रात्रभर ठेवतो, इथेही तेच करायचंय.

पहिलं काम म्हणजे नोझल चेक. कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये मेंटेनन्स म्हणून भाग असतो त्यात ते सापडेल. कागदावर प्रत्येक रंगाच्या बारीक बारीक रेघांची जाळी येते, जिथे रेघ तुटलीय ते नोझल बंद. या कागदावर पेनाने तारीख-वेळ टाका आणि जपून ठेवा, कारण पुढच्या चेकशी ताडून बघायचंय, आणि यातून एक फार कामाची गोष्ट कळते. दर वेळी त्याच जागी रेघा तुटत असतील तर शाई वाळलीय, पण दर वेळी वेगळ्याच जागी तुटत असतील तर बहुतेक टाकीतून हेडपर्यंत शाई आणणाऱ्या नळीत हवा शिरलीय, मग भिजवून काही होणार नाही. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या वर आहे ना तेही आत्ताच बघा.

मग त्याच मेनूतून हेड क्लीनिंग, आणि प्रत्येक क्लीनिंगनंतर परत नोझल चेक. असं तीनदा करा आणि थांबा. इथेच बहुतेक लोक चुकतात, सुधारत नाही म्हणून दहा-बारा वेळा मारत बसतात. क्लीनिंग म्हणजे प्रिंटर पंपाने हेडमधून शाई खेचून घेतो आणि ती सगळी आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये जाते, म्हणजे महागाची शाईही गेली आणि तो पॅड भरला की प्रिंटर मेसेज दाखवून कामच बंद करतो. तीनदा करून फरक नसेल तर बंद करून बारा तास तसाच ठेवा. एप्सनच्या टाकीवाल्या बऱ्याच प्रिंटरना कंपनीच हे सांगते, कॅनन तर डीप क्लीनिंगनंतर चोवीस तास थांबायला सांगते. या वेळात आत ओढलेली ताजी शाई वाळलेलीला हळूहळू सोडवत असते. पॉवर क्लीनिंग नावाचा जोरदार प्रकार असेल तर तो त्यानंतरच, आणि टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच, नाहीतर नळ्यांत हवा जाते.

यानेही नाही झालं तर हाताने भिजवायचं, पण त्यासाठी तुमचं हेड कुठे आहे ते बघा. एचपी ८०३ किंवा कॅनन पीजी-७४५ सारखी छोटी काडतुसं (कार्ट्रिज) असतील तर हेड काडतुसाच्याच तळाला असतं, हे सगळ्यात सोपं. बशीत कोमट पाणी अगदी दोन-तीन मिलिमीटर घ्या, काडतूस फक्त तळ बुडेल असं दोन मिनिटं उभं करा, मग ओल्या टिश्यूवर नुसतं टेकवा, घासू नका. टिश्यूवर रंग उमटला की समजा सुटलं. तांब्याचे चकचकीत पॉइंट ओले झाले तर पूर्ण कोरडे करूनच परत बसवा. आणि नाहीच जमलं तरी नवीन काडतुसाबरोबर नवीन हेडच येतं.

एप्सनच्या एल सिरीजसारख्या टाकीवाल्यांत हेड आतच बसवलेलं असतं, त्याला वेळ लागतो. डिस्टिल्ड वॉटर आणा, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं तेच, पण दुकानात अ‍ॅसिडही असतं त्यामुळे बाटली नीट वाचून घ्या. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार त्याच भोकांत बसतात. आता प्रिंटर चालू करा, हेड उजव्या कोपऱ्यातून बाहेर सरकलं की लगेच वायर काढा, म्हणजे ते हाताने हलतं. बंद प्रिंटरमध्ये ते लॉक असतं, तेव्हा जोर लावून ओढू नका. आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी दिसेल तिला बोट लावू नका, हेड कुठे आहे ते प्रिंटर तिच्यावरूनच ओळखतो.

उजव्या कोपऱ्यात जिथे हेड जाऊन बसतं तिथे रबराची कड असलेला छोटा चौकोनी कप असतो, आत स्पंज. आमच्याकडे खरी अडचण तिथेच निघाली, रबरावर काळ्या शाईचं काकवीसारखं घट्ट किटण जमलं होतं, त्यामुळे कप हेडला घट्ट चिकटतच नव्हता आणि पंप नुसती हवा ओढत होता. ओल्या इअरबडने ती कड स्वच्छ पुसा, पाच-सहा इअरबड सहज जातात, आणि सिरिंजने स्पंज भरेल इतकं डिस्टिल्ड वॉटर टाका. मग किचन टॉवेलची दोन बोटं रुंद घडी करा, ओली करून, पाणी ठिबकणार नाही इतपत पिळून हेडच्या वाटेवर ठेवा, हेड अलगद त्याच्यावर सरकवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी वायर लावायच्या आधी घडी आठवणीने काढा. आमच्या घडीवर पहिल्या सकाळी पिवळा, गुलाबी आणि निळा असे तीन पट्टे होते आणि काळ्याच्या जागी नुसता तपकिरी डाग, दुसऱ्या सकाळी तिथे काळीकुट्ट रेघ उमटली तेव्हा वहिनींनी तो टॉवेल सगळ्यांना दाखवला. घडी काढल्यावर एक क्लीनिंग, मग नोझल चेक, आणि रेघा वाढताना दिसत असतील तर आणखी एक-दोन रात्री हेच.

सिरिंजने नळीतून पाणी जोरात मारायचे व्हिडिओ खूप आहेत, ते मी करणार नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही, दाब जास्त झाला तर हेड आतून फाटतं आणि मग खरंच बदलावं लागतं. तीन-चार रात्रींनंतरही एखादा रंग तसूभर हलला नाही तर मात्र दुकानात दाखवा.

एकदा सुरू झाला की आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, वहिनी रविवारी पोरीचं एखादं चित्र प्रिंट करतात. आणि प्रिंटर बंद करताना त्याच्याच बटणाने करा, बोर्डाच्या स्विचने एकदम बंद केला तर हेड त्या रबरी कपावर जाऊन बसत नाही, उघडंच राहतं आणि भर उन्हाळ्यात लवकर वाळतं.