नेट मधूनच जातंय? आधी कुठे तुटतंय ते पकडा

पूर्ण बंद पडलेली लाइन एका तक्रारीत सुरू होते. मधूनच जाणाऱ्या लाइनचं तसं नसतं. लाइनमन घरी येतो तेव्हा सगळं व्यवस्थित चालू असतं, तो मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि निघून जातो, आणि रात्री मीटिंगच्या मध्यात नेट पुन्हा जातं. म्हणून नेट गेलेलं असताना नेमकं कुठे तुटलं हे घरातल्या माणसालाच पकडावं लागतं. तुटण्याच्या जागा चारच आहेत: फोनपासून राउटरपर्यंतची हवा, राउटर आणि त्याची वीज, घरात येणारी फायबर, आणि त्यापुढचं कंपनीचं जाळं. खाली घरी फायबर आहे असं धरलं आहे. ज्यांच्याकडे गच्चीवरच्या स्विचमधून साधी लॅन वायर येते त्यांच्यासाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

दोन पिंग, एक वायर

लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला जोडा आणि त्याचं वायफाय बंद करा. लॅपटॉपला लॅनची खाच नसेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर मिळतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ‘ping’ आणि एक जागा सोडून तो पत्ता टाइप करा. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला ‘आहेस का?’ असं विचारणं. तो पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. दुसरीत ८.८.८.८ ला पिंग लावा, तो बाहेरच्या इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता आहे. पत्त्यानंतर एक जागा सोडून ‘-t’ जोडलं की पिंग आपण थांबवेपर्यंत चालू राहतं. मॅकवर ते तसंही थांबत नाही. आता कामाला लागा आणि नेट जायची वाट पाहा.

नेट गेलं की दोन्ही खिडक्या बघा. राउटरचं उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येतंय आणि ८.८.८.८ ला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतंय, तर लॅपटॉप ते राउटर ठीक आहे आणि दोष फायबरमध्ये किंवा पुढे आहे. दोन्ही एकदम थांबले तर राउटर अडकला किंवा रीस्टार्ट झाला. वायरवर दोन्ही सुरळीत चाललेत आणि त्याच वेळी फोनवर गोल फिरतंय, तर दोष वायफायचा, आणि केबलवाल्याला फोन करून काही उपयोग नाही. चौथी एक शक्यता असते: ८.८.८.८ उत्तर देतं, पण एकही साइट उघडत नाही. तिथे डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बिघडलेली असते. राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ घाला.

अधूनमधून एखादं उत्तर चुकलं तर घाबरू नका. काही राउटर पिंगला मुद्दाम मागे ठेवतात. सलग पाच-दहा चुकली तरच ते धरायचं. वेळ लिहून ठेवा, पुढे लागेल.

डब्यावरचे दिवे

फायबर ज्यात शिरते त्या डब्यावर (बहुधा तोच राउटर असतो) ‘पॉन’ (PON) आणि ‘लॉस’ (LOS) असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा स्थिर आणि लॉस बंद असेल तर प्रकाश येतोय. लॉस लाल झाला, म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाही किंवा फार क्षीण पोचतोय. अशा वेळी राउटर पंधरा वेळा बंद-चालू केला तरी काही होत नाही. पॉन हिरवा आहे पण ‘इंटरनेट’ लाल किंवा बंद, तर लाइन आहे आणि लॉगिन होत नाही: रिचार्ज संपलाय, किंवा लाइट गेल्यावर जुनं सेशन कंपनीकडे तसंच अडकून पडलंय. डबा बंद करून पूर्ण दहा मिनिटं थांबा, मग चालू करा.

मागच्या बारीक भोकातलं रीसेट बटण मात्र टाचणीने दाबू नका. त्याने लॉगिनचं नाव, पासवर्ड आणि कंपनीने भरलेल्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात, आणि मग मधूनच जाणारं नेट पूर्ण बंद पडतं.

फायबर: एक आकडा लक्षात ठेवा

राउटरच्या पानावर लॉगिन केलं की ‘स्टेटस’खाली कुठेतरी ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ माहिती सापडते. तिथे ‘आरएक्स पॉवर’ (Rx Power), म्हणजे डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश, डीबीएम (dBm) या मापात लिहिलेली असते. हा आकडा नेहमी वजा असतो. वजा १५ ते वजा २४ असेल तर लाइन निरोगी. वजा २५-२६ ला ती काठावर आली. घरोघरी असतो तो नेहमीचा फायबर डबा (जीपॉन) वजा २७ च्या आसपास हात टेकतो. हे मोजमाप सरळ नाही: दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. वजा २० ची लाइन वजा २६ वर आली, म्हणजे चौथाईच प्रकाश उरला. चांगल्या दिवशी हा आकडा टिपून ठेवा आणि नेट गडबडतं त्या दिवशी पुन्हा पाहा. कोरड्या दिवशी वजा २३ आणि पावसात वजा २८ होत असेल तर बाहेर एखाद्या जोडात पाणी शिरतंय किंवा वाऱ्याने केबल कुठेतरी मुडपतेय.

घराच्या आतली कारणं आधी तपासा. फायबर सोफ्यामागे चेपली आहे का, दाराच्या फटीत अडकली आहे का, उरलेली लांबी बोटाएवढ्या वेटोळ्यात करकचून बांधली आहे का. वेटोळं किमान चहाच्या बशीएवढं ठेवा. वाकणं सहन करणारी फायबर असते, पण आपल्या घरातली कोणती ते बाहेरून कळत नाही. टाय घट्ट ओढू नका, खिळा ठोकू नका.

डब्यात जाणारी पिन बहुधा हिरवी असते. हिरव्या पिनेचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि निळीचं जवळपास सपाट. हिरवी पिन निळ्या जागेत बसते खरी, पण टोकं नीट भिडत नाहीत आणि बराच प्रकाश वाया जातो. घाईत राउटर बदलून दिल्यावर ही चूक होते, म्हणून रंग जुळतोय का ते पाहा. पिन उगाच काढू नका. काढावीच लागली तर टोकाला बोट किंवा सदरा लावू नका, धुळीचा एक कणही पुरतो. आणि त्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नका: आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

बाहेरची केबल भिंतीतून आत शिरते तिथे भोकाच्या खाली एक झोळ हवा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, केबलवरून घरात येत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनच्या आधी हे करून घ्या. सोबतची पोलादी तार बाहेरच तोडून खिळ्याला बांधलेली असावी. ती डब्यापर्यंत आणली तर विजेच्या कडकडाटात धोका वाढतो.

वीज

अडॅप्टर हा सर्वांत दुर्लक्षित भाग. डबा बहुधा १२ व्होल्टचा, १ किंवा १.५ अँपिअरचा असतो. अडॅप्टर जुना झाला की ताण आल्यावर व्होल्टेज पडतं आणि डबा रीस्टार्ट होतो. राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ बघा. तो दर काही तासांनी शून्यावरून सुरू होत असेल तर आधी अडॅप्टर बदला. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची जाडी व ध्रुव जुळलेले.

इन्व्हर्टर असूनही लाइट जाताच नेट पाच मिनिटं जात असेल, तर अदलाबदलीच्या क्षणात डबा बंद पडतोय. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोड असेल तर तो लावा. नाहीतर राउटरसाठीचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. भारनियमन असलेल्या गावात याच्याइतकी उपयोगी खरेदी नाही, फक्त खांबाकडच्या कंपनीच्या यंत्रालाही बॅटरी असली पाहिजे.

वायफाय

२.४ गिगाहर्ट्झवर भोवतीच्या सगळ्या फ्लॅटचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली तर स्वतःचंच नेट बिघडतं. कॉल आणि काम ५ गिगाहर्ट्झवर न्या, आणि नेट मधूनच अर्धा-एक मिनिट जात असेल तर चॅनेल ३६ ते ४८ मध्ये बांधून ठेवा. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर रडारची चाहूल लागली की राउटरला नियमाप्रमाणे तो चॅनेल सोडावा लागतो, आणि तेवढा वेळ नेट जातं.

५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे हरतं. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, आरसीसीचे खांब, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर ठेवला तर महाग राउटरही काही करू शकत नाही. फोनवरच्या वायफाय अॅपमध्ये सिग्नल वजा ६७ डीबीएमपेक्षा चांगला असेल तर कॉल नीट चालतो. वजा ७५ च्या खाली तुटतो. दुसऱ्या खोलीसाठी रिपीटरऐवजी लॅन वायर ओढून दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. मात्र त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर दोन राउटर पत्ते वाटतात आणि नेट कधी चालतं, कधी नाही.

रोज रात्री ठरावीक वेळी सगळं जड होत असेल आणि पिंग एकदम तीनशे-चारशे मिलिसेकंदांवर जात असेल, तर घरातलाच एखादा फोन फोटो चढवतोय किंवा कॅमेऱ्याचं फुटेज वर जातंय का पाहा. अपलोड भरलं की डाउनलोडही अडकतं. राउटरमध्ये अपलोडला प्लॅनच्या ८५-९० टक्क्यांची मर्यादा घाला.

गच्चीवरून येणारी लॅन वायर

उन्हाने कव्हर तडकतं, पाणी शिरतं, आठपैकी एक तार तुटते. मग लॅपटॉप १००० ऐवजी १०० मेगाबिट दाखवतो किंवा जोडणी सारखी सुटते. स्विचपासून घरापर्यंत वायरची लांबी १०० मीटरच्या आत हवी. पिन नव्याने क्रिंप करताना (तारा पिनेत दाबून बसवताना) दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गडगडाट सुरू व्हायच्या आधीच ही वायर राउटरमधून काढून ठेवा, कारण विजेने पोर्ट जळतो.

तक्रार करताना

‘नेट चालत नाही’ असं सांगू नका. ‘मंगळवारी ९:१० ते ९:२५ लॉस लाल, आरएक्स पॉवर वजा २८, एरवी वजा २२’ असं सांगा आणि पिंगचा स्क्रीनशॉट पाठवा. तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. लाइनमन आल्यावर त्याला पॉवर मीटरने डब्याच्या पिनेवर आणि बाहेरच्या स्प्लिटरवर (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारी पेटी), दोन्हीकडे मोजायला सांगा. बाहेर ठीक आणि आत कमी म्हणजे मधली केबल किंवा जोड खराब. दोन्हीकडे कमी तर त्याने पुढे जाऊन पाहावं. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे डॉकेट क्रमांकासह अर्ज करता येतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही.

दुरुस्तीनंतर आरएक्स पॉवर लगेच पाहा, आणि आठवडाभर रोज एकदा पाहा. पहिल्या मोठ्या पावसानंतरही तो आकडा जागचा हलला नाही, तर काम खरंच झालंय.