ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी लिहायची म्हणजे नक्की काय करायचं?

ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी म्हणजे संदर्भग्रंथांची यादी, पण प्रत्येक नोंदीखाली त्या पुस्तकावर एक छोटी टीप असलेली. एम.ए.ला पहिल्यांदा ही भानगड अंगावर आली तेव्हा मी बारा पुस्तकांचे बारा सारांश छान टाईप करून नेले होते, मॅडमनी पानं उलटली आणि एवढंच विचारलं, यातलं तुझ्या पेपरला काय लागणार? मला काय सांगताच येईना.

म्हणून आधी प्रश्न ठरवा. ‘फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण’ (या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओव्यांत सांगितलेली ख्रिस्ती कथा) हा नुसता विषय झाला, ‘ख्रिस्ती कथा सांगायला त्यांनी ओवीच का घेतली’ हा प्रश्न. तो एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत जा, नाहीतर ती 1832 सालची लायब्ररी, तिथे गोव्यावरची जुनी पुस्तकं चाळत बसलात की संध्याकाळ कधी झाली कळत नाही.

पुस्तक हातात आलं की तिथेच सगळी नोंद उतरवा, लेखक, संपादक, प्रकाशक, गाव, साल. आणि आवृत्ती! इथेच बहुतेक जण गडबडतात. ख्रिस्तपुराण पहिल्यांदा 1616 ला छापलं गेलं पण त्या छपाईची एकही प्रत आज सापडत नाही, त्यामुळे तुम्ही वाचताय ते 1616चं पुस्तक नाहीच, कुणीतरी नंतर संपादित केलेलं आहे, आणि कुणी ते सांगायलाच हवं.

आता टीप. साधारण शंभर-दीडशे शब्द, गाईडनी वेगळं सांगितलं असेल तर तसं. पुस्तकात काय आहे ते दोन ओळींत आटपा, मग ते कितपत भरवशाचं आणि आपण ते कशाला वापरणार यावर जोर द्या. छोट्यात असं:

‘सल्ढाणा यांची मंगळूरची 1907ची आवृत्ती. हस्तलिखितांवरून तयार केलेली, रोमन लिपीत, सोबत कवीचं चरित्र, प्रस्तावना, इंग्रजी सारांश आणि शब्दसूची. पहिल्या छपाईशी ताडून बघायची सोय नाही, म्हणून एकेका शब्दाच्या रूपावर मुद्दा उभा केलेला नाही. बांदेलूंची 1956ची देवनागरी आवृत्ती हिच्यावरूनच उतरवलेली, त्यामुळे ती वेगळा पुरावा धरली नाही. ओव्यांचे उतारे इथून घेतले.’

बघा, ‘अत्यंत उपयुक्त व माहितीपूर्ण ग्रंथ’ असलं काही नाही त्यात. ते पुस्तकाच्या मागच्या ब्लर्बवर शोभतं. एखादं पुस्तक तुमच्या मताच्या उलट जात असेल तर ते गाळू नका, उलट त्याचीच टीप जास्त मन लावून लिहा, व्हायव्हात तेच विचारतात.

बाकी फॉर्मॅट काय, एमएलए (संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत) सांगितलं असेल तर नोंदी आडनावाप्रमाणे लावायच्या, प्रत्येक नोंद दुसऱ्या ओळीपासून अर्धा इंच आत, टीप नवीन ओळीवर एक इंच आत. झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टाकत गेलं की हे बरंचसं आपोआप होतं, फक्त देवनागरी नोंदींचा क्रम एकदा डोळ्यांनी तपासा, आणि मराठी-इंग्रजी याद्या वेगळ्या हव्यात का ते गाईडला आधीच विचारून घ्या, मी शेवटच्या रात्री सगळं परत लावत बसलो होतो.